चार हजार आठशे बारा तुकडे

विश्वंभर सबनीसांचा माणसांवर विश्वास नव्हता. यंत्रांवरही नव्हता. बाजव्याजवळच्या रिफायनरीत चौतीस वर्षं त्यांनी दाबाचे आणि तापमानाचे काटे तपासले होते. काटा काय दाखवतो ते कोणीही वाचेल, तो खोटं का बोलतोय हे ओळखायला माणूस लागतो, असं ते निवृत्त झाल्यावरही घरातल्या वजनकाट्यासमोर उभं राहून म्हणत. त्यांच्या पत्नीला, निरुपमाबाईंना, ते वजनकाट्यापुरतं पटत असे.

समा भागातल्या शरयू सोसायटीत चार कॅमेरे होते आणि ते सबनीसांच्या ताब्यात होते. तसा ठराव वगैरे कधी झाला नव्हता. कॅमेऱ्यांचं चित्रण साठवायला एक कॉम्प्युटर हवा होता, सबनीसांनी घरातला जुना दिला आणि कॉम्प्युटरबरोबर ते स्वतःही गेले. त्या खोक्यावर विंडोज हलेना म्हणून त्यांच्या मुलीनं, मैथिलीनं, बंगळूरहून येऊन त्यात लिनक्स घालून दिलं होतं. सोसायटीत दुसऱ्या कोणाला त्यातलं ओ की ठो कळत नसल्यामुळे सबनीस बिनविरोध कॅमेरा-प्रमुख झाले. मान एवढाच, की क्लबहाउसची एक किल्ली त्यांच्या खिशात असायची आणि जिना चढताना ती वाजायची.

एका रविवारी दुपारी बी ब्लॉकच्या तळमजल्यावरच्या कोमलबेनच्या दोन कुंड्या नाहीशा झाल्या.

कुंड्या साध्या नव्हत्या. त्यांत अडेनियमची झाडं होती, जाड बुंध्याची, गुलाबी फुलांची. कोमलबेननं ती सात वर्षं वाढवली होती. सोमवारी सकाळी ती क्लबहाउसात आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. बरोबर तिचा नवरा केयूरभाई होता आणि मागून सोसायटीचे अध्यक्ष धनाजीराव आले. धनाजीराव निवृत्त मामलेदार. पंखा लावायचा तरी आधी तो कोणाच्या सांगण्यावरून लावतोय याची नोंद झाली पाहिजे, असा त्यांचा स्वभाव.

सबनीसांनी रविवारचं चित्रण लावलं. चार वाजून दहा मिनिटं. पहारेकरी लालजी झारी घेऊन कुंड्यांपाशी वाकलेला. आणि चित्र थांबलं. लालजी वाकलेलाच राहिला. मग पडद्यावर दोनतीन चौकोन थरथरले आणि एकदम चार वाजून चौदा मिनिटं. लालजी हात झटकत उभा. कुंड्या नाहीत.

पुन्हा लावलं. पुन्हा लालजी वाकला, पुन्हा चार मिनिटं गडप झाली, पुन्हा त्यानं हात झटकले.

"झालं," धनाजीराव म्हणाले. "यापेक्षा स्पष्ट काय असतं?"

आणि इथे सबनीस जे बोलले त्यानं पुढे आठवडाभर त्यांचा पिच्छा सोडला नाही. ते म्हणाले, "मला त्या माणसाचा आधीपासूनच संशय होता. तो फार वेळेवर येतो."

धनाजीरावांनी ते वाक्य तिथल्या तिथे टिपून घेतलं. येत्या रविवारी दहा वाजता सभा, विषय दुसरा: पहारेकऱ्यास कामावरून कमी करणे. लालजी दाहोदकडचा, पन्नाशीचा, अकरा वर्षं याच गेटवर. त्याला बोलावून विचारण्यात आलं, "कुंड्या घेतल्यास का?" तो म्हणाला, "ना साहेब." तेवढ्यावर चौकशी संपली.

संध्याकाळी सबनीसांना जेवण गेलं नाही. दया आली म्हणून नव्हे. दया त्यांना सहसा येत नसे. त्यांना त्या उडीनं छळलं. दहावरून चौदावर. रिफायनरीत एखादा काटा असा उडी मारायचा तेव्हा ते तेलाला कधी दोष देत नसत, काटा उघडून बघत. मग आपण सकाळी नुसता काटा वाचून मोकळे कसे झालो?

मंगळवारी सकाळी ते एकटेच क्लबहाउसात गेले आणि फाइल किती तुकड्यांत पडली आहे ते सांगणारी आज्ञा दिली. उत्तर आलं: चार हजार आठशे बारा.

एक तासाची एक फाइल. चार हजार आठशे बारा तुकडे. सबनीसांच्या चेहऱ्यावर रोग सापडलेल्या डॉक्टरसारखं समाधान पसरलं. घरी येऊन त्यांनी ते निरुपमाबाईंना पोळ्या लाटताना समजावलं.

"असं समज, चार माणसं एकाच वहीत एकाच वेळी लिहितायत. प्रत्येकाला एकेक ओळ मिळते. त्यात वही आधीच भरलेली. मग कोणी समासात लिहितो, कोणी पुठ्ठ्यावर. लिहिलेलं सगळं आहे, हरवलेलं काही नाही. पण वाचणाऱ्याला दर शब्दाला पान उलटावं लागतं. आपलं खोकं जुनं, त्याला दम लागतो. मग ते मधला मजकूर गाळून पुढे जातं. हे तुकडे ओळीनं लावले, की झालं."

"म्हणजे लालजीनं कुंड्या घेतल्या नाहीत?"

"ते अजून कळायचंय."

"मग काल तुम्ही सभेत म्हणालात ते?"

"ती सभा नव्हती," सबनीस म्हणाले. "अनौपचारिक पाहणी होती."

मैथिलीला फोन करावा, असं निरुपमाबाईंनी सुचवलं. सबनीसांनी ते ऐकू आलं नाही असं दाखवलं. दिवाळीत त्यांनी स्वतःच्या बुद्धीनं एक आज्ञा दिली होती आणि त्यानंतर कॉम्प्युटरनं कळफलक ओळखणंच सोडून दिलं होतं. तेव्हा मैथिली हात जोडून म्हणाली होती, "बाबा, प्लीज, कशालाही हात लावू नका." चौतीस वर्षांच्या अनुभवाला हात लावू नका म्हणणाऱ्या मुलीला बाप लगेच फोन करत नाही.

त्यांनी रीतसर अर्ज लिहिला: 'विखुरलेली एक फाइल सलग करण्यास परवानगी मिळणेबाबत.' धनाजीरावांनी तो चष्मा लावून वाचला, चष्मा काढून वाचला.

"एकच फाइल?"

"तीच तर बघायची आहे."

"सबनीस, जिच्यावर माणसाची नोकरी ठरायची, नेमक्या त्याच फाइलला तुम्ही हात लावणार? उद्या कोणी म्हणालं, फेरफार केला?"

"मग काय करू?"

"करायच्या तर सगळ्या करा. नाहीतर एकही नको. एकीला एक न्याय आणि दुसरीला दुसरा, असं माझ्या कारकिर्दीत झालेलं नाही."

सोसायटीच्या नियमाप्रमाणे तीस दिवसांचं चित्रण ठेवायचं असे. चार कॅमेरे, तासाला एक फाइल. म्हणजे दोन हजार आठशे ऐंशी फाइलींना समान न्याय मिळणार होता. धनाजीरावांनी तशी सूचना फलकावर लावली. मजकूर लांबला होता आणि कागद लहान होता, त्यामुळे कापून चिकटवताना वरची ओळ एवढीच उरली: 'क्लबहाउसमधील पार्टिशनच्या कामाबाबत.'

दुपारी तात्यासाहेब आले. वय चौऱ्याऐंशी, पणजोबा संस्थानच्या दफ्तरात मोठ्या हुद्द्यावर, आणि तात्यासाहेबांच्या बोलण्यात ते दफ्तर अजून उघडं होतं.

"सबनीस, क्लबहाउसात भिंत घालताय म्हणे."

"भिंत नाही हो. डिस्कचं पार्टिशन. डिस्कचा एक भाग असतो, त्याला पार्टिशन म्हणतात."

"आमच्या घराण्यात पार्टिशन झालं तेव्हाही 'फक्त कागदावर आहे' असंच सांगितलं होतं. सहा महिन्यांत स्वयंपाकघरात भिंत आली. काकू पलीकडून मीठ मागायच्या."

"तात्यासाहेब, ते कॉम्प्युटरच्या आत असतं."

"आतलीच भिंत वाईट," असं म्हणून तात्यासाहेब गेले आणि दुसऱ्या दिवशी टेप घेऊन आले. क्लबहाउसची लांबी आणि रुंदी मोजून त्यांनी पाठकोऱ्या कागदावर लिहून घेतली आणि सबनीसांकडून त्यावर सही मागितली. सबनीसांनी दिली नाही. सही का मागतायत, हा संशय त्यांना दोन दिवस पुरला.

खरी अडचण पुढेच होती. फाइली सलग करायच्या तर त्यांची मांडामांड करायला डिस्कवर मोकळी जागा लागते. डिस्क अठ्ठ्याण्णव टक्के भरलेली. घरभर पसारा आणि तो आवरायला एक कोपराही रिकामा नाही, अशी गत. सगळ्यात जुने दहा दिवस तात्पुरते बाहेर काढून ठेवल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. गुरुवारी सबनीसांनी घरची बाहेरून जोडायची डिस्क आणली, त्यावर ते दहा दिवस उतरवले आणि डिस्क भाजीच्या पिशवीत घालून घरी निघाले.

कोमलबेन दारात उभी होती, नजर पिशवीवर.

"काका, थेलीमां शुं छे?"

सबनीस खोटं बोलत नसत. "दहा दिवस," ते म्हणाले.

"कया दहा दिवस?"

यावर पूर्ण खुलासा करायला त्यांना पिशवी खाली ठेवावी लागली असती, आणि डिस्क खाली ठेवणं त्यांना बरं वाटेना. ते नुसतंच हसले. त्यांना हसायची सवय नसल्यामुळे ते हसू चांगलं दिसलं नसावं.

तासाभरात सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मजकूर फिरला: 'कॅमेऱ्याचे दहा दिवस सबनीसकाकांच्या घरी नेण्यात आले आहेत.' खाली कोणी हात जोडलेलं चित्र टाकलं, कोणी नुसतं प्रश्नचिन्ह. संध्याकाळपर्यंत ज्या प्रश्नाला अद्याप कोणी वाचा फोडली नव्हती तो जिन्यात उघड बोलला जाऊ लागला. कुंड्या गेल्यापासून सबनीसच कशाला एवढी धडपड करतायत? चित्र त्यांच्याच कॉम्प्युटरवर कसं अडकलं? निरुपमाबाईंना बागकामाची आवड आहे ना?

सबनीसांना हे खालच्या दुकानात दही आणायला गेल्यावर कळलं. ते दही न घेता परत आले. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांवर संशय घेतला होता, तो स्वतःवर घेतला जाताना कुठून चिमटतो ते त्यांना माहीत नव्हतं. रागानं त्यांनी गॅलरीतल्या सगळ्या कुंड्या कठड्यावर ओळीनं मांडल्या, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसाव्यात म्हणून. त्यामुळे संशय वाढला.

आणि त्यात गंमत अशी, की एकेक जण हळूच भेटायला येऊ लागला. प्रत्येकाला एकेका दिवसात रस. एकीनं विचारलं, तीन तारखेचं आहे का अजून? एकानं विचारलं, मागच्या गेटच्या कॅमेऱ्यात चेहरा ओळखू येतो का? शेवटी धनाजीराव स्वतः आले, चहा घेतला, हवापाण्याचं बोलले आणि चप्पल घालता घालता म्हणाले, "मागचा बुधवार त्या पिशवीत आहे की कॉम्प्युटरमध्ये?"

"का?"

"नाही, असंच."

सबनीसांनी डायरी काढली आणि लिहिलं: 'धनाजीराव. बुधवार?' यादी सतरा नावांची झाली. तीत केयूरभाईचं नाव नव्हतं, कारण तो कुठल्याच दिवसाबद्दल विचारत नव्हता. तो येताना लीलो चेवडो, म्हणजे ओला हिरवट चिवडा, घेऊन यायचा आणि म्हणायचा, "काका, एवढी मेहनत कशाला? जवा दो ने. दोन कुंड्यांचं काय एवढं?" केयूरभाई मराठी शेजाऱ्यांकडून शिकला होता, घाई झाली की क्रियापदं गुजराती व्हायची. एवढा समजूतदार माणूस सोसायटीत दुसरा नाही, असं सबनीसांना वाटलं. मग लगेच दुसरा विचार आला: हा कॅमेरा-प्रमुख व्हायला तर बघत नाही ना? त्यांनी चेवडा खाल्ला, पण किल्ली खिशात खोल ढकलली.

शुक्रवारी धनाजीरावांनी अटी घातल्या. दहा दिवस पिशवीतून परत येतील. ते क्लबहाउसच्या कपाटात दोन कुलपांत राहतील. काम शनिवारी, भर दिवसा, आणि सबनीसांच्या शेजारी निरीक्षक म्हणून तक्रारदार पक्षाचा माणूस बसेल. म्हणजे केयूरभाई. सबनीसांचीही एक अट होती. काम चालू असेपर्यंत कॅमेरे बंद राहतील. एकीकडे पसारा आवरायचा आणि दुसरीकडे चौघांनी नवा घालायचा, हे जमणार नाही.

"किती वेळ बंद?"

"सहा तास तरी."

सहा तास कॅमेरे बंद, ही बातमी जिन्याजिन्यातून फिरली. शनिवारी सकाळी नऊ वाजता सबनीसांनी कॅमेरे थांबवले आणि बाहेर पाहिलं, तर घरटी एक माणूस खुर्ची टाकून अंगणात बसलेला. कोणी शेंगा सोलत होतं, कोणी पेपर उघडून त्याच्या कडेवरून समोरच्या दाराकडे बघत होतं. वर्षभर एकमेकांशी 'केम छो'पलीकडे न बोललेली माणसं सहा तास समोरासमोर बसली होती. त्या दिवशी शरयू सोसायटीत मांजर शिरतं तरी चाळीस साक्षीदार मिळाले असते.

गेटवर लालजी नेहमीसारखा बसला होता. उद्या आपलं काय होणार हे त्याला माहीत होतं, तरी त्यानं सबनीसांना रोजच्यासारखा सलाम केला. सबनीस चालता चालता विचार करू लागले, हा घाबरत कसा नाही? जो घाबरत नाही तो एकतर निर्दोष असतो किंवा फार मुरलेला. दोन्ही बाजू त्यांनी डायरीत लिहिल्या.

क्लबहाउसात त्यांनी आज्ञा दिली. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं सरकू लागली. एक हजार नऊशे वीसपैकी पहिली फाइल. दुसरी. तिसरी. केयूरभाई शेजारी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसला होता आणि त्याचा एक पाय सारखा हलत होता.

"काका, यात कधी काही डिलीट थई जाय एवुं बने?"

"एक अक्षरही जात नाही."

"नाही म्हणजे, चुकून?"

"चुकूनही नाही. आधी नव्या जागी नक्कल होते, मगच जुनी जागा सुटते."

"ओहो," केयूरभाई म्हणाला. "लाइट गेली तर?"

"तरी नाही."

"ओहो."

काय काळजी करतो बिचारा, असं सबनीसांना वाटलं. अकरा वाजता केयूरभाईनं चहा आणला. साडेअकराला सेव-उसळ आणली. बाराला म्हणाला, "काका, तुम्ही घरी जाऊन जरा आडवे व्हा, मी बघतो." सबनीसांनी हे निमंत्रण नाकारलं आणि मनातल्या मनात त्याच्या नावापुढे 'पदाची इच्छा' असं लिहिलं.

साडेबारा वाजता, एक हजार एकशे चौथ्या फाइलीला, लाइट गेली.

बाहेर चाळीस खुर्च्या सरकल्या. "काय झालं?" "गेलं सगळं?" "मी म्हणत नव्हतो?" सबनीस धावत मीटरच्या पेटीपाशी गेले. क्लबहाउसचं मुख्य बटण खाली पडलेलं होतं. तिथे तात्यासाहेब टेप हातात घेऊन उभे होते.

"तात्यासाहेब, तुम्ही हात लावलात?"

"मी भिंतीची जाडी बघत होतो," तात्यासाहेब म्हणाले. "आत्ता केयूर हात धुवायला इकडून गेला, त्याला विचारा मी कुठे उभा होतो ते."

केयूर इकडून गेला, हे वाक्य सबनीसांच्या कानावरून वाऱ्यासारखं गेलं. त्यांचं सगळं लक्ष टेपवर होतं. त्यांनी बटण वर केलं, तात्यासाहेबांना सन्मानानं त्यांच्या घरापर्यंत पोचवलं आणि काम पुन्हा सुरू केलं. काहीही गेलं नव्हतं. केयूरभाईनं फाइली एकेक करून जाग्यावर असलेल्या पाहिल्या आणि उरलेला चेवडा एकट्यानं संपवला.

साडेतीन वाजता शेवटची फाइल झाली. सबनीसांनी रविवारची ती फाइल पुन्हा तपासली. चार हजार आठशे बारा तुकड्यांचे आता तीन उरले होते. त्यांनी दाराला आतून कडी घातली आणि चित्रण लावलं.

चार वाजून दहा मिनिटं. लालजी झारीनं पाणी घालतोय. चित्र थांबलं नाही. लालजीनं मान वळवली, गेटवर कोणी आलं असावं. झारी ठेवून तो चित्राबाहेर गेला. कुंड्या उन्हात एकट्या. मग उजवीकडून एक पांढरी गाडी मागे मागे येऊ लागली. हळू आली, मग थोडी कमी हळू आली. पहिली कुंडी आडवी झाली, दुसरी तिच्यावर. गाडी थांबली. दार उघडून केयूरभाई उतरला. त्यानं डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, मागे पाहिलं, फक्त वर पाहिलं नाही. मग त्यानं दोन्ही झाडं मुळासकट उचलून डिकीत ठेवली, खापरं गोळा केली आणि गाडी घेऊन निघून गेला. चार वाजून तेरा मिनिटांनी लालजी परत आला. सांडलेल्या मातीकडे त्यानं पाहिलं, गाडी गेली त्या दिशेला पाहिलं. वाकून माती ओंजळीनं भरून कडेच्या वाफ्यात टाकली आणि उभं राहून हात झटकले.

शेजारच्या खुर्चीतल्या केयूरभाईचा पाय हलायचा थांबला होता.

"कोमल मला चाळीस वेळा बोली हती, तिथून रिव्हर्स घेऊ नको," केयूरभाई म्हणाला. "बंपरला घासलं ते अलकापुरीच्या पार्किंगमध्ये लागलं असं सांगितलं मी. मला वाटलं, नर्सरीतून तशीच आणून ठेवीन. पण सात वर्षांचं झाड नर्सरीत नाही मिळत, काका."

"आणि लालजी?"

"वाटलं, दोन दिवस बोलून सगळे विसरून जातील." मग तो खाली बघून म्हणाला, "काका, एवढी एक फाइल डिलीट करा ने."

सबनीसांचे कान गरम झाले. त्यांना केयूरभाईला बरंच काही ऐकवायचं होतं, आणि प्रत्येक वाक्याच्या तोंडाशी त्यांचं स्वतःचं वाक्य येऊन उभं राहत होतं: तो फार वेळेवर येतो. केयूरभाई नुसता गप्प बसला होता. नाव पहिलं घेतलं होतं ते सबनीसांनी. सतरा जणांची यादी केली, टेपवाल्या म्हाताऱ्याला सोडलं नाही, आणि शेजारी बसून चहा पाजणारा माणूस दिसला नाही. चौतीस वर्षं काटे तपासले म्हणे.

"उद्या दहाला सभा आहे," ते म्हणाले. "दुसरा विषय निघाला की मी हे दाखवणार. त्याआधी तुम्ही स्वतः बोललात तर दाखवायची गरज पडणार नाही."

केयूरभाई गेल्यावर त्यांनी ती फाइल आणखी दोन ठिकाणी उतरवून ठेवली आणि क्लबहाउसला तिसरं कुलूप लावलं.

रविवारी क्लबहाउस भरलं. लालजीला दाराशी उभं केलं होतं. धनाजीरावांनी मागच्या सभेचा वृत्तांत वाचला. तात्यासाहेबांनी भिंतीबद्दल हरकत नोंदवली, ती नोंदली गेली. "विषय दुसरा," धनाजीराव म्हणाले. केयूरभाई तिसऱ्या रांगेत मान खाली घालून बसला होता. हलला नाही. सबनीसांनी पडद्याकडे पाहिलं, मग केयूरभाईकडे, आणि माउसवर हात ठेवला.

"एक मिनिट," केयूरभाई म्हणाला.

तो उभा राहिला आणि एका श्वासात, गुजरातीत, सगळं बोलला. गाडी, कुंड्या, डिकी, गाडी गेलेली बघून लालजीनं भरलेली माती, अलकापुरी. काही राखून ठेवलं नाही. लाइटही त्यानंच घालवली होती, तेही त्यात आलं. बोलून झाल्यावर त्याला बसावं की उभं राहावं हे कळेना.

कोमलबेन हळूच म्हणाली, "एटले बंपर पण?"

"बंपर पण."

"अने छोड? झाडं कुठे आहेत?"

"ऑफिसच्या मागे. बादलीत लावलीत. जिवंत आहेत, कोमल. मी रोज पाणी घालतो."

इतका वेळ जे घडलं नव्हतं ते आता घडलं. कोमलबेन ताडकन उठली. "रोज पाणी? अडेनियमला रोज पाणी? अरे, मुळं सडतील! चावी दे. गाडीची चावी दे!" आणि ती सभेतून चालू लागली. केयूरभाई मागे धावला. बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. ती कोण चालवत होतं हे विचारायची गरज नव्हती.

धनाजीरावांनी दुसरा विषय मागे घेतला. मग जरा खाकरून म्हणाले, "चित्रण दाखवायची आता आवश्यकता नाही, असं मी समजतो. कुठल्याच दिवसाचं."

"नाही," सबनीस म्हणाले. धनाजीरावांनी रुमालानं कपाळ पुसलं.

तेवढ्यात मागून कोणीतरी विचारलं, "अरे लालजी, तू बघितलं होतंस तर बोलला का नाहीस?"

लालजी दाराशीच उभा होता. "साहेबे पूछ्युं, तें लीधां? में ना पाडी," तो म्हणाला. "कोणे लीधां, ए कोईए पूछ्युं नहीं." थोडं थांबून म्हणाला, "ने कह्युं होत, तो मारुं कोण मानत?"

कुंड्या कोणी घेतल्या, हे त्याला खरंच कोणी विचारलं नव्हतं. मग त्याला गेट उघडायला जावं लागलं.

दुपारी मैथिलीचा फोन आला. सबनीसांनी न राहवून तिला सगळं सांगितलं, चार हजार आठशे बारापासून तीनपर्यंत. तिनं शांतपणे ऐकलं.

"पण बाबा, तुमच्याकडे ती बाहेरची डिस्क होती ना?"

"होती की. दहा दिवस तिच्यावरच उतरवले."

"मग ती एकच फाइल तिच्यावर कॉपी करून तिथून लावली असती तरी चाललं असतं. कॉपी करताना तुकडे बहुतेक ओळीनंच बसतात. मूळ फाइलला हातही लागला नसता. पाच मिनिटांचं काम."

सबनीसांनी फोन कानापासून लांब धरून त्याच्याकडे पाहिलं.

"बाबा? ऐकू येतंय ना?"

"रेंज नाहीये," ते म्हणाले आणि फोन ठेवला. निरुपमाबाई शेजारीच होत्या. त्यांनी काही विचारलं नाही, त्यामुळे सबनीसांना संशय आला, की त्यांनी सगळं ऐकलं आहे.

सोमवारी सकाळी साडेनऊला बँकेत जायला म्हणून सबनीसांनी स्कूटर काढली आणि गेटच्या मधोमध थांबवली. लालजी उठून उभा राहिला.

"लालजीभाई," ते म्हणाले. 'भाई' त्यांनी पहिल्यांदाच लावलं होतं. जिभेला ते नवीन होतं. "त्या दिवशी ते चित्र अडकलं ना, ते तुकड्यांमुळे. म्हणजे फाइल असते ती एका जागी नसते. समजा एक वही आहे. तिच्यात चार माणसं लिहितायत..."

लालजी मान हलवत ऐकत होता. सबनीस वहीच्या समासापर्यंत पोचले तेव्हा मागून हॉर्न वाजला. मग आणखी एक.

"साहेब," लालजी म्हणाला, "स्कूटर जरा साइडमां ल्यो ने. पाछळ गाडियो छे."

सबनीसांनी स्कूटर बाहेर नेली, झाडाखाली लावली आणि चालत परत आले. दोन गाड्या जाईपर्यंत थांबले. हेल्मेट काढून हातात घेतलं.

"तुमचं नाव पहिलं मी घेतलं होतं," ते म्हणाले. "मारी भूल थई."

लालजीनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग रस्त्यापलीकडच्या स्कूटरकडे पाहिलं, मग पुन्हा त्यांच्या तोंडाकडे. त्याच्या कपाळाला बारीक आठी पडली.

"साहेब," त्यानं विचारलं, "कांई काम हतुं?"

"नाही," सबनीस म्हणाले. "एवढंच."

ते परत गेले आणि स्कूटर सुरू केली. लालजीला ते खरं वाटलं नसावं. स्कूटर कोपऱ्यावरून वळेपर्यंत तो गेटमध्ये उभा राहून बघत होता.